दर्यावर्दी घराण्यांचा पावसाळा

आपल्या संघाच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या इतिहासावर काही लिहून द्यावे, अशी सूचना कार्यकारी मंडळाकडून आली. तेव्हा आमच्या मनात प्रथम आले ते आरमार, जलदुर्ग आणि लढाया. परंतु त्या विषयांवर लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि अडतीस वर्षे प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे उभे राहिलेले शिक्षक. आमच्याने जे साधेल तेच आम्ही हाती घ्यावे, हे बरे. म्हणून ज्या गोष्टीचा इतिहास कोणी लिहीत नाही, परंतु जी आपणा प्रत्येकाच्या घरात घडली, ती आम्ही येथे मांडीत आहोत. ती गोष्ट म्हणजे आपल्या वाडवडिलांनी किनाऱ्यावर बसून काढलेले पावसाळ्याचे दिवस.

या विषयास एक निमित्त घडले. आम्ही नोकरीत असता एकदा मधल्या सुट्टीत एक सहशिक्षक सहज बोलून गेले, "तुमचा दर्यावर्दी माणूस आठ महिने कमावतो आणि चार महिने पडून खातो." बोलणाऱ्याच्या मनात द्वेष नव्हता. जे त्यांनी लोकांकडून ऐकले होते तेच ते बोलले. आम्ही त्या वेळी हसून गप्प राहिलो. पण ते वाक्य मनात रुतून राहिले. आज सेवानिवृत्तीनंतर पाहतो तो आपल्याच ज्ञातीतील तरुण मुलेही आजोबा-पणजोबांविषयी तसेच बोलतात. तेव्हा उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे.

प्रथम समुद्र का बंद होतो हे पाहू. ज्येष्ठाच्या सुमारास नैर्ऋत्येचा वारा सुरू होतो, तो समुद्राकडून जमिनीकडे येतो. हिवाळ्या-उन्हाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा आणि दुपारनंतर उलट फिरणारा वारा, या दोहोंच्या आधाराने शिडाचे गलबत किनाऱ्याकिनाऱ्याने वर-खाली जात असे. पावसाळ्यात हा आधार तुटतो. वारा गलबतास सारखा किनाऱ्याकडे ढकलतो, आणि एकदा खडकांच्या जवळ आलेले शिडाचे गलबत पुन्हा बाहेर काढणे फार कठीण. त्यातून आपल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा पट्टा साचलेला असतो. खाडीतून पुराचे पाणी बाहेर येते, समोरून लाट आत येते, आणि दोहोंची गाठ त्या पट्ट्यावर पडून पाणी फुटते. भर समुद्रात तरलेले गलबत घराच्या दारात, खाडीच्या तोंडाशी फुटावे, असे म्हणूनच घडत आले आहे.

सगळी बंदरे सारखी नव्हती. विजयदुर्गाच्या खाडीच्या तोंडास वाळूचा अडसर नाही. तेथे कोणत्याही ऋतूत आसरा मिळे. देवगडचे बंदर तीन बाजूंनी जमिनीने वेढलेले. मालवण मात्र खडकांनी भरलेले व उघडे, आणि वेंगुर्ल्यासमोरही खडकांची रांग. म्हणून मालवण भागातील गलबते कर्ली, कोळंब, आचरे या खाड्यांत आत शिरून पावसाळा काढीत. आमचे घर कर्ली खाडीच्या काठचे.

हा नियम आपल्या पूर्वजांनीच काढला असे नव्हे. तो फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण, चौल इत्यादी कोकणच्या बंदरांचा उल्लेख येतो, आणि इजिप्तहून हिंदुस्थानाकडे येणारी जहाजे जुलैच्या सुमारास निघत, असेही त्यात सांगितले आहे. म्हणजे ती आपल्या किनाऱ्यास लागेपर्यंत पावसाळ्याचा जोर ओसरलेला असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इब्न माजिद या अरब नाविकाने नौकानयनावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातही हिंदुस्थानचा पश्चिम किनारा वर्षातून सुमारे तीन महिने बंद असतो, ही गोष्ट मुख्य धरून प्रवासाच्या तिथी दिल्या आहेत. जो नाविक हे जाणत नाही तो नाविकच नव्हे, असा सर्व दर्यावर्दी लोकांचा समज होता.

आपल्या स्वराज्याच्या आरमारासही हाच नियम होता. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळा सुरू होण्याच्या काही दिवस आधीच आरमार छावणीस न्यावे, जेथे किल्ल्याचा आश्रय आहे अशा बंदरी ठेवावे, सर्व जहाजे एकाच जागी न ठेवता विभागून ठेवावी, आणि छावणीतील लोकांनी रयतेस उपद्रव देऊ नये, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. राज्य चालविणाऱ्या पुरुषास जहाजे 'पडून' राहतात असे वाटले नाही. त्याने त्या दिवसांस छावणी म्हटले. छावणी म्हणजे विश्रांती नव्हे. पुढच्या मोहिमेची ती तयारी होय.

पावसाळ्यात जहाजे कोठे राहतात यावरून राजकारणही होई. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळा काढण्यास मुंबईस, माझगावकडे येत असे, आणि त्यावरून शिवाजी महाराज व मुंबईचे इंग्रज यांच्यात वारंवार कुरबूर होई. पुढे १६७९ साली पावसाळा पुरता सरण्यापूर्वीच महाराजांच्या माणसांनी मायनाक भंडारी यांच्या हाताखाली खांदेरी बेटावर पाय रोवले व बांधकाम सुरू केले. नंतर इंग्रजांनी व सिद्दीने पुष्कळ प्रयत्न करूनही ते बेट महाराजांच्याच हाती राहिले. समुद्र केव्हा मिटतो आणि केव्हा उघडतो, हे ज्यास नेमके कळते त्याच्या हातात चार दिवस अधिक असतात. त्या चार दिवसांची किंमत केवढी, हे खांदेरीने दाखवून दिले.

आता राजदरबारातून आपल्या ओसरीवर येऊ. येथून पुढे जे सांगतो ते आमच्या घरी पाहिलेले व वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे.

आमच्या आजोबांचे एक गलबत व एक लहान मचवा होता. मंगळुरास १८६५ साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून मंगळुरी कौलांचा व्यापार वाढत गेला आणि त्या कौलांनी कोकणची व मुंबईची छपरे झाकली. ती कौले वाहून आणण्यात आपल्या गलबतांचा मोठा वाटा होता. जाताना मीठ, येताना कौले, मध्येच नारळ, काथ्या, लाकूड, असा आमच्या घरचा क्रम असे. रोहिणी नक्षत्र लागले, म्हणजे २५ मे आला, की आजोबा नवीन भाडे घेत नसत. व्यापाऱ्याने दीडपट देऊ केले तरी उत्तर एकच, "आता दर्या आमचो नाय."

गलबत वर काढावयाचे ते उधाणाच्या भरतीस, अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास. त्या भरतीत ते जेवढे वर नेता येईल तेवढे न्यावयाचे, म्हणजे नेहमीच्या भरतीचे पाणी त्यास पोचत नाही. खाली ओंडके, बाजूंस टेकू, डोलकाठी उतरवलेली, आणि वर नारळीच्या झापांचे छप्पर. यास आपल्याकडे गलबत शाकारणे म्हणतात. घर आधी शाकारावे की गलबत, असा प्रश्न आमच्या घरी कधी पडला नाही. गलबत आधी. घर गळले तर भांडे ठेवता येते, असे आजी म्हणे.

त्यानंतर जे काम सुरू होई ते पाहिले असते तर आमच्या सहशिक्षकांनी ते वाक्य उच्चारले नसते. शिडे घरात येत. ती चुलीवरच्या माळ्यावर उबेत ठेवीत आणि एकेक खाली काढून पडवीत पसरीत. मग दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन आजोबा, वडील व चुलते दिवसचे दिवस शिवीत बसत. पावसाने उघडीप दिली की ऐनाची साल उकळून त्या काढ्यात शीड व जाळी बुडवीत. त्याने कापूस कुजत नाही. दोर नव्याने वळावयाचे. फळ्यांच्या सांध्यांतील जुना कापूस टोकरून काढून तेलात भिजवलेला नवा कापूस ठोकून बसवावयाचा. लाकडास उंडीचे तेल द्यावयाचे आणि बुडास चुना व चरबी यांचा लेप. हे शेवटचे काम पाण्यात उतरण्यापूर्वी होई, कारण लाकूड पोखरणारा समुद्रातील किडा त्याने दूर राहतो. एखादी फळी दुर्लक्षिली तर तिचा जाब मार्गशीर्षात, किनाऱ्यापासून कोसभर दूर द्यावा लागतो, हे सर्वांस ठाऊक होते.

आणि बायका? त्यांच्याविषयी तर 'पडून खाणे' हा शब्द उच्चारणेही पाप आहे. पुरुषांचे काम निदान ओसरीवर, कोरड्यात होते. आमची आजी व आई दुसऱ्यांच्या शेतांत लावणीस जात, खाडीत कुजवलेल्या सोडणांचा काथ्या झोडून सुंभ वळीत, आणि ओहोटी लागली की भर पावसात खाडीच्या खडकांवर कालवे व मुळे काढावयास वाकत. उन्हाळ्यात खारवून वाळवलेले बांगडे व सुकट मडक्यांतून जपून ठेवलेली असे. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी कुळथाची पिठी, फणसाच्या आठळ्या, टाकळ्याची भाजी, आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे मिळाले तर तो सण. आषाढाच्या शेवटी मडक्यांचा तळ दिसू लागे. घरात किती उरले आहे हे पुरुषांस ठाऊक नसे. आजीस मुठीमुठीने ठाऊक असे.

हे सर्व गोड गोड चित्र काढण्याचा आमचा हेतू नाही. पत्ते चालत, दारू चालत असे, आणि आषाढातल्या भांडणांचे खटले श्रावणात देवळात सुटत. पण त्याहून मोठे दुःख होते ते उचलीचे. खलाशास घरखर्चास पैसे हवेत ते आषाढात, आणि कमाई होणार ती कार्तिकापासून पुढे. म्हणून तो नाखव्याकडून आगाऊ उचल घेई आणि पुढच्या हंगामास त्याच्याशी बांधला जाई. नाखवा ती रक्कम सावकाराकडून किंवा व्यापाऱ्याकडून काढी आणि तोही बांधला जाई. आमच्या आजीची पुतळ्यांची माळ दर ज्येष्ठात पेटीतून निघे आणि दिवाळीच्या पुढेमागे परत येई. लहानपणी आम्हांस वाटे की माळ ही पावसाळ्यात घरी नसावयाचीच वस्तू आहे.

आता आमच्या धंद्याची, म्हणजे शिक्षणाची गोष्ट. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि गलबते त्याच सुमारास वर येतात. त्यामुळे दर्यावर्दी घरातील मुलास शाळा मिळे ती याच दिवसांत. वडील घरी असत. मुलाने मोठ्याने वाचावे आणि दाभण हातात धरून बापाने ऐकावे, असे दृश्य आम्ही घरोघर पाहिले आहे. श्रावणात शिवलीलामृत किंवा हरिविजय लावीत, तेव्हा पोथी वाचावयास अक्षर येणारा मुलगाच बसवीत. भोवती तांडेल व खलाशी हात जोडून बसत. जो बाप त्याला दर्यावर शिव्या देई तोच येथे त्याच्यापुढे मान लववी. पुष्कळांनी आपली सही याच दिवसांत, आपल्याच मुलाच्या पाटीवर गिरवून शिकली.

मुलेही आजोबांकडून शिकत. भरती केव्हा येणार हे काढण्याची आपली जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. इतर मुले पाऊणकीस रडत, आणि आमच्या वाडीतील मुले ती हसत म्हणत, कारण ती त्यांना समुद्राने आधीच शिकवलेली असे. गणित हे उपयोगाचे असते, हे आम्ही प्रथम कोणत्याही पुस्तकात वाचले नाही, ओसरीवर ऐकले.

परंतु नारळी पौर्णिमा आली की वर्ग रिकामा होई. बारा-तेरा वर्षांचा मुलगा गलबतावर चूल सांभाळावयास जाई, आणि त्याचे नाव पटावरून कमी होई. पुढे शिक्षक झाल्यावर जुनी हजेरीपत्रके चाळताना आम्ही हे पाहिले आहे. आषाढात ओळीने हजेरी, भाद्रपदात ओळीने रेघा. आमचे नावही असेच कमी व्हावयाचे होते. ते का झाले नाही, हे सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

ते साल १९६६. आम्ही नऊ वर्षांचे होतो. त्या वर्षी श्रावण अधिक होता. अधिक श्रावणाची पौर्णिमा ऑगस्टच्या आरंभीच आली आणि खरी नारळी पौर्णिमा महिन्याने, ऑगस्टच्या अखेरीस होती. ज्या वर्षी महिना अधिक येतो त्या वर्षी वाट पाहणे लांबते, आणि मडकी तर नेहमीच्याच दिवशी रिकामी होतात. ज्या व्यापाऱ्याची उचल घेतली होती त्याचा माल खाडीकाठी पडून होता. माल आधी पोचवील त्याचे व्याज सोडीन, असा त्याने निरोप धाडला. आमचे थोरले चुलते मचवा काढावयास निघाले. ते कसबी तांडेल होते. अविचारी मुळीच नव्हते. त्यांच्या पाठीवर दोन वर्षांचे व्याज होते, एवढेच.

आजोबांनी त्यांस अडविले. ते बोलणे आम्ही माजघराच्या दारात उभे राहून ऐकले. चुलते म्हणाले, "बाबा, पुनव ती पुनव. नारळ आज घातलो काय आणि म्हयन्यान घातलो काय, सारखोच." आजोबा म्हणाले, "नारळ सारखोच रे झिला. दर्या सारखो नाय."

चुलते गेले. पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी, ओहोटीच्या वेळी, खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्यावर मचवा आडवा झाला. बरोबरचे तिघे पोहून देवबागच्या किनाऱ्यास लागले. चुलते लागले नाहीत. त्यांचे शव मिळाले नाही. महिन्याने नारळी पौर्णिमेच्या दिवशी समुद्र खरोखरच शांत होता. आजोबांनी नारळ वाहिला. त्यांच्या मागून आजी पुढे गेली, तिने दुसरा नारळ वाहिला, आणि कोणाशी न बोलता घरी आली. तेव्हापासून ती हयात असेतो आमच्या घरचे नारळ दोन असत.

पुढे तीन वर्षांत गलबत विकले. विकून उचल फिटली. माळ मात्र परत आली नाही. मोठेपणी गलबतावर जावयाची आमची वेळ आली तेव्हा वडिलांनी आम्हांस शाळेतून काढले नाही. त्यांनी कारण सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. १९७४ साली आम्ही मॅट्रिक झालो, १९७७ साली शाळेत नेमणूक मिळाली. आमचे जे काही झाले ते एका माणसाने वाट न पाहिल्यामुळे झाले, हे आम्ही कधी विसरलो नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की आपल्या पूर्वजांची मोठी विद्या गलबत हाकण्यात होती, त्याहून ती गलबत न हाकण्यात होती. हाकणे अनेकांस येते. समोर भाडे आहे, घरी मडकी रिकामी आहेत, आकाश दोन दिवस उघडले आहे, आणि तरी ओसरीवर बसून शीड शिवीत राहणे, यास जो धीर लागतो त्यास आळस म्हणणे हा मोठा अन्याय आहे. आणि हा धीर मोडला तो बहुधा समुद्राच्या मोहाने नव्हे, कर्जाने मोडला. जे इंजिनाच्या बळावर पावसाळ्यात गेले त्यांचे तरी काय झाले? १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. वाफेने वारा जिंकता येतो, लाट जिंकता येत नाही.

आज शिडाची गलबते गेली. माल रस्त्याने येतो, १९९८ पासून कोकण रेल्वेने येतो. आपली मुले इंजिनाच्या नौकांवर मासेमारी करतात, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर राहणे आता कायद्याने ठरले आहे. अलीकडे १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी पश्चिम किनाऱ्यावर लागू होत आली आहे. माशांची वीण वाचावी व माणसेही वाचावीत, असा तिचा हेतू. तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु एक गोष्ट तरुण बांधवांनी ध्यानात धरावी. बंदीची तारीख सरकारची आहे; तिने समुद्र बांधलेला नाही. २०२३ साली पुन्हा श्रावण अधिक आला. बंदी ३१ जुलैस संपली आणि नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला होती. त्या वर्षी १ ऑगस्टच्या पहाटे बंदरावर नौका सज्ज होताना पाहिल्या, आणि आमच्या कानात सत्तावन्न वर्षांपूर्वीचे ते माजघरातील बोलणे जसेच्या तसे उमटले. कारण तारीख जवळजवळ तीच होती, आणि घाईचे कारणही तेच होते. पूर्वी व्यापाऱ्याची उचल होती, आता नौकेच्या कर्जाचा हप्ता आहे. बंदीत नौका थांबते, हप्ता थांबत नाही.

वादळेही आता पावसाळ्यापुरती राहिलेली नाहीत. २००९ साली 'फयान' आले ते ११ नोव्हेंबरला, ज्या दिवसांत आमचे आजोबा निर्धास्त मंगळुरास जात. २०२० च्या ३ जूनला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' कोकणाच्या बाजूने वर गेले. आज हवामानखात्याची सूचना आधी मिळते, बंदरावर बावटा लागतो, मोबाइलवर संदेश येतो. आजोबांस यांतले काही नव्हते. त्यांच्याजवळ नक्षत्रे, तिथी आणि लाटेचा आवाज होता. पण सूचना मिळणे निराळे आणि सूचना मिळाल्यावर थांबता येणे निराळे. थांबण्यासाठी घरात दाणा असावा लागतो.

म्हणून ज्ञातिबांधवांपुढे दोन विनंत्या ठेवून लेखणी आवरती घेतो. पहिली अशी की, आपल्या संघाने पावसाळी साहाय्याचा एक कायमचा निधी उभारावा. ज्या घरची नौका किनाऱ्यावर आहे आणि ज्याच्या दारी हप्ता उभा आहे, त्यास आषाढ-श्रावणात बिनव्याजी थोडी रक्कम मिळावी, म्हणजे कोणाही तांडेलास केवळ पैशापायी चार दिवस आधी खाडीबाहेर पडावे लागू नये. येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडण्याचा आमचा विचार असून, आमच्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ति पहिली वर्गणी आम्ही देऊ. दुसरी विनंती अशी की, घरोघरच्या माळ्यांवर गलबतांच्या हिशेबाच्या वह्या, उचलीच्या चिठ्ठ्या, जुनी छायाचित्रे पडून असतील, ती वाळवीच्या स्वाधीन न करता संघाकडे आणून द्यावीत. आणि ज्यांनी शीड शिवले आहे असे वृद्ध अजून हयात आहेत, त्यांच्यापाशी येत्या पावसाळ्यात एक-दोन दुपारी मुलांस बसवावे. त्यांनी पाऊणकी विचारली तर मुलांस सांगता आली पाहिजे.

आणि पुन्हा कोणी म्हणाले की दर्यावर्दी माणूस चार महिने पडून खातो, तर आम्ही केले तसे हसून गप्प राहू नये. त्यास नम्रपणे घरी बोलवावे, ओसरीवर बसवावे, आणि विचारावे, "आपण कधी वाट पाहिली आहे काय?"

दर्या सर्वांस सुखरूप घरी आणो.